मोठ्या स्केल मॉडेल प्रदर्शनाला पहिल्यांदा जाताना: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या टेलफर्डला नोव्हेंबरात भरणारं ‘स्केल मॉडेलवर्ल्ड’ डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. पहिलं मोठं प्रदर्शन म्हणून आम्ही तेच सुचवतो. प्रवासाचा भाग सोडला तर बाकीचं सगळं जपानच्या शिझुओकात, नेदरलँड्सच्या व्हेल्डहोव्हनला किंवा आपल्याकडच्या एखाद्या हौशी गटाच्या चार टेबलांवरही लागू पडेल.

हे नक्की कसलं प्रदर्शन असतं? खेळण्यांचं का?

नाही. रिमोटवर उडणाऱ्या विमानांचंही नाही. किटमधले सुटे भाग चिकटवून, घासून, रंगवून बनवलेली विमानं, रणगाडे, जहाजं, गाड्या आणि पुतळे इथे मांडतात. टेलफर्डचं प्रदर्शन आयपीएमएस यूके ही हौशी मॉडेलकारांची संस्था भरवते. आत ढोबळमानाने चार वस्त्या असतात: क्लबांची टेबलं, स्पर्धेचा विभाग, विक्रेत्यांचे गाळे आणि प्रात्यक्षिकं. नवखा माणूस गाळ्यांच्या गल्लीत शिरतो आणि संध्याकाळपर्यंत तिथंच अडकतो. खरा माल क्लबांच्या टेबलांवर असतो, आणि तो विकायला नसतो.

१/७२, १/४८, १/३५ हे आकडे काय सांगतात?

खरी वस्तू किती पट लहान केली आहे, ते. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर. १/७२ मध्ये तो सुमारे १५.६ सेंटिमीटर होतो, १/४८ मध्ये २३.४, १/३२ मध्ये ३५ आणि १/२४ मध्ये जवळजवळ ४७. म्हणजे पहिलं चपलांच्या खोक्यात मावतं आणि शेवटच्याला कपाटातला अख्खा खण लागतो. विमानांत १/७२ आणि १/४८, रणगाड्यांत १/३५, जहाजांत १/७०० आणि १/३५० ही मापं जास्त चालतात. आपली नवी आयएनएस विक्रांत २६२ मीटरची आहे. १/७०० मध्ये ती साडेसदतीस सेंटिमीटर भरते, १/३५० मध्ये पाऊण मीटर.

१/३५ या विचित्र आकड्याला मोठं शास्त्र नाही. टामिया या जपानी किट कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या हिशेबाने माप ठरलं आणि पुढे सगळ्या जगाने ते उचललं.

गाळ्यावर खोकं हातात घेतलं की आधी घरातली जागा आठवा.

एक दिवस पुरतो का?

फक्त खरेदी करायची असेल तर पुरतो. बघायचं असेल तर दोन्ही दिवस ठेवा.

शनिवारी सकाळी गर्दी गाळ्यांवर तुटून पडते. जुनी, दुर्मिळ किट पहिल्या तासा-दोन तासांत जातात, हे खरं आहे. तुम्हाला एखादं ठरावीक जुनं किटच हवं असेल तर त्या गर्दीत शिरा. नाहीतर त्या वेळेत क्लबांच्या टेबलांकडे वळा. तिथं तेव्हा मोकळं असतं आणि टेबलामागची माणसंही ताजीतवानी असतात. दुपारी जेवणाच्या वेळी गाळे थोडे सुटतात. रविवारी दुपारी विक्रेत्यांना माल परत गाडीत भरायचा कंटाळा आलेला असतो, त्यामुळे मोठ्या खोक्यांचे भाव तेव्हा उतरतात. घासाघीस मात्र महाद्वार रोडवरच्यासारखी करू नका. दोन-तीन वस्तू एकत्र हातात घेऊन ‘सगळ्यांचे मिळून किती?’ एवढंच विचारायचं. तिथं ते वावगं दिसत नाही आणि बऱ्याचदा फळतंही.

जायच्या आधी घरी काय तयारी करावी?

तुमचं काम जिथं अडलंय तो भाग बरोबर घ्या. डिकल (खुणांचं, पाण्यात भिजवून लावायचं पातळ चित्र) चंदेरी पडतंय? त्या पंखाचा तुकडा घ्या. एअरब्रशचा रंग खरबरीत येतोय? रंगवून बघितलेला प्लास्टिकचा पत्रा घ्या. सांधा घासूनही रेघ उरतेय? ते धडच घ्या. प्लास्टिकच्या छोट्या डबीत स्पंजावर ठेवलं की झालं. शंभर व्हिडिओ बघून जे सुटत नाही ते टेबलामागचा माणूस तुकडा उजेडात तिरका धरून अर्ध्या मिनिटात सांगतो. शब्दांत विचारलेल्या प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं, हातातल्या तुकड्याला नेमकं.

दुसरी तयारी यादीची. घरी असलेली किट, रंग आणि डिकल फोनमध्ये लिहून ठेवा. घरी आधीच असलेलं किट दुसऱ्यांदा उचलणं हा या छंदातला सगळ्यात जुना रोग आहे. हव्या असलेल्या प्रत्येक वस्तूपुढे ती भारतात घरपोच केवढ्याला पडते तेही लिहा. पाउंडातला आकडा लहान दिसतो आणि हात सैल सुटतो.

एक मॉडेल नीट बघायचं म्हणजे काय बघायचं?

समजा समोर १/४८ ची स्पिटफायर आहे. आधी रंगाकडे बघू नका. गुडघे वाकवा, डोळे टेबलाच्या पातळीला आणा आणि समोरून, पंख्याच्या रेषेत बघा. दोन्ही पंख सारख्याच कोनात वर गेलेत का? शेपटीचे आडवे पंख दोन्हीकडे एका उंचीवर आहेत का? चाकं सगळी टेकलीत का? स्पर्धेचे परीक्षकही इथूनच सुरुवात करतात. एक पंख खाली बसलेला असेल तर वरचा रंग कितीही देखणा असो, मॉडेल तिथंच मागे पडतं.

मग सांधे. धडाचे दोन अर्धे पाठीवर आणि पोटाखाली जुळतात, पंखाचे वरचे-खालचे भाग पुढच्या कडेला. तिथं रेघ दिसता कामा नये. सांधा घासताना त्याला छेदून जाणाऱ्या कोरीव रेषाही पुसल्या जातात. हात तयार असलेल्या माणसाने त्या पुन्हा कोरलेल्या असतात आणि नवख्याच्या त्या सांध्यापाशी येऊन अचानक थांबतात. एकदा हे दिसायला लागलं की प्रत्येक मॉडेलवर तेच दिसतं, त्याला इलाज नाही.

कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) आतून धुरकट असेल तर ती सुपरग्लूच्या वाफेने पांढरी पडलेली असते. पारदर्शक भागांना पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद वापरतात तो याचसाठी. डिकल तिरक्या उजेडात बघा. कडेला किंवा मध्ये चंदेरी झाक दिसली तर खाली हवा अडकलेली आहे. मॅट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि डिकलची पातळ फिल्म त्याच्या खळग्यांत उतरत नाही. म्हणून आधी चकचकीत क्लिअर कोट, मग डिकल, त्यावर डिकल मऊ करणारं द्रावण, आणि शेवटी हवा असेल तर मॅट कोट.

सगळ्यात शेवटी झीज आणि मळ. एक्झॉस्टची काजळी हवेच्या दिशेने मागे ओढली गेलेली असावी. स्पिटफायरच्या कॉकपिटचं दार डाव्या बाजूला असतं, त्यामुळे वैमानिकाच्या बुटांनी रंग उडतो तो मुख्यतः डाव्या पंखाच्या मुळाशी. दोन्हीकडे अगदी सारखेच टवके दिसले तर फोटो न बघता अंदाजाने काम केलंय अशी शंका घ्यायला जागा आहे. शंका मनातच ठेवा.

माझं इंग्रजी कच्चं आहे. बोलायचं कसं?

तुकडा दाखवला की निम्मं काम होतं. ‘किती दिवस लागले?’ हा प्रश्न दिवसभरात शंभर जणांनी विचारलेला असतो. त्याऐवजी एका जागेवर बोट दाखवून, लांबूनच, ‘हे कसं केलं?’ असं विचारा. माणूस खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो. कोणता रंग, किती पातळ केला, किती दाबावर मारला, हे विचारून फोनमध्ये लिहून घ्या. आकडे लक्षात राहत नाहीत. न विचारता चूक मात्र काढू नका. ती त्याला तुमच्या आधीपासून माहीत असते.

हात लावला तर चालतं का? मुलांना नेलं तर?

हात लावायचा नाही. मालकाने स्वतः हातात दिलं तरच. नुकसान हातांनी कमी आणि पाठीवरच्या सॅकने जास्त होतं: माणूस वळतो, सॅक मागच्या टेबलावरून फिरते आणि अँटेना, तोफांच्या नळ्या घेऊन जाते. सॅक पोटावर घ्या. ओढणी पिन करा, गळ्यातलं ओळखपत्र आणि कॅमेऱ्याचा पट्टा शर्टात खोचा. वाकल्यावर लोंबणारी प्रत्येक गोष्ट टेबलावर उतरते.

मुलांना जरूर न्या, फक्त हात पाठीमागे बांधून बघायची सवय घरूनच लावा. काही मोठ्या प्रदर्शनांत मुलांना किट जोडायला बसवतात, तशी सोय आहे का ते दारातच विचारा.

फोटो कसे काढावेत?

फ्लॅश बंद. फोन मॉडेलला चिकटवू नका. दोन पावलं मागे जाऊन २ पट झूम करा, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत जास्त भाग स्पष्ट येतो. आधी नावाच्या चिठ्ठीचा फोटो, मग मॉडेलचा. हा क्रम मोडला की घरी आल्यावर ४०० फोटो आणि एकाचंही नाव माहीत नाही, अशी गत होते.

काय विकत घ्यावं आणि काय घेऊ नये?

चिमटे, बारीक कानशी आणि डोळ्याला लावायचं भिंग तिथून आणू नका. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या गुजरीतल्या दुकानांत ती मिळतात. ऑटो पेंटच्या दुकानात ४०० पासून २००० नंबरपर्यंत वॉटर पेपर सुटा मिळतो. त्यासाठी पाउंड मोजणं म्हणजे उद्यमनगरच्या गावाने नट-बोल्ट बाहेरून मागवण्यासारखं आहे.

घ्यायच्या त्या इथं हातात धरून बघता येत नाहीत अशा गोष्टी. पहिला स्प्रू (भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची फ्रेम) कापायचा पातळ पात्याचा कटर. याचं एकच पातं धारदार असतं, त्यामुळे भागाच्या बाजूला पांढरा डाग उरत नाही. पण त्याने फक्त प्लास्टिक कापायचं. तार कापली की पातं त्याच दिवशी संपलं. दुसरं, ०.३ ते १ मिलिमीटरची ड्रिल बिट आणि ती धरायचा हँडल. ०.५ च्या खालची दोन-दोन घ्या, कारण ती मोडणारच. तिसरं, पॉलिस्टायरीनचे पत्रे आणि पट्ट्या: ०.२५, ०.५ आणि १ मिलिमीटर जाडीचे. वजनाला हलके, बॅगेत सपाट बसतात आणि वर्षभर पुरतात. चौथं, मास्किंग टेप, २, ३ आणि ६ मिलिमीटर रुंदीची.

पहिल्याच खेपेला रेझिनचं (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचं) अख्खं किट किंवा ‘शॉर्ट रन’ म्हणजे थोड्याच संख्येने काढलेलं किट उचलू नका. शॉर्ट रन किटमध्ये भाग जुळवायला खुंट्या नसतात, फ्रेमला भाग जिथं जोडलेले असतात ते जोड जाड असतात आणि प्रत्येक सांध्याला पुट्टी लागते. रेझिनवर प्लास्टिकचं सिमेंट, म्हणजे किट जोडायचा नेहमीचा गोंद, चालत नाही, सुपरग्लू किंवा इपॉक्सी लागतं. त्याची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून मास्क लावून आणि पाण्याखालीच घासायचं.

जुनं, वापरलेलं किट घेताना फसगत कशी टाळावी?

खोकं उघडू द्यायला सांगा. विक्रेता आढेवेढे घेत असेल तर पुढच्या गाळ्यावर जा. आत माहितीपत्रकात सगळ्या फ्रेमचा नकाशा असतो. त्याच्याशी फ्रेम एकेक करून जुळवा आणि कुठल्या फ्रेमवरून भाग तोडलेला आहे का ते बघा. सुटे पडलेले भाग पिशवीच्या तळाशी असतात. पारदर्शक फ्रेम आधी बघा, कारण तडकलेली कॅनॉपी दुसरी मिळणं कठीण. रबरी टायर प्लास्टिकच्या रिमवर चढवून ठेवलेले असतील तर काढून बघा. काही जुन्या टायरांतलं रसायन वर्षानुवर्षांत रिम विरघळवतं. रणगाड्याच्या मऊ साखळ्या वाकवून बघा, कडक झालेल्या मोडतात.

डिकल पिवळी पडली असतील तर घाबरायचं कारण नाही. डिकलचा पत्रा (ती ज्या कागदावर छापलेली असतात तो) पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवला की पिवळेपणा बराच उतरतो. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, तेवढा फायदा घ्यावा. भेगा पडलेली डिकल मात्र पाण्यात तुकडे तुकडे होतात. एखादं बिनकामाचं डिकल आधी भिजवून बघा. ते फुटलं तर उरलेल्या पत्र्यावर मायक्रोस्केल कंपनीचं लिक्विड डिकल फिल्म हे द्रावण मारून वाळवायचं आणि मग एकेक डिकल कडेने कापून वापरायचं.

आणखी एक गोम आहे. नवं चकचकीत खोकं म्हणजे नवं किट नव्हे. साचे एका कंपनीकडून दुसरीकडे जातात. मॅचबॉक्सच्या जुन्या साच्यांतली किट रेव्हेलच्या खोक्यांतून निघाली आहेत, हासेगावाचं प्लास्टिक दुसऱ्यांच्या नावाने विकलं गेलं आहे. स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटचा नंबर टाकला की साचा मुळात कधीचा ते कळतं. ओळीत उभं असतानाच बघा. उठावदार रेघा आणि जाड रिवेट दिसले तर साचा बहुधा जुना आहे. तो वाईटच असतो असं नाही, पण किंमत नव्याची देऊ नका.

भारतीय हवाई दलाचं विमान करायचंय. तिथं काही मिळेल का?

मिळेल, पण प्रकार तपासून घ्या. चूक इथंच होते. नॅटचं उदाहरण घ्या. एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीचं नॅट म्हणजे दोन आसनांचं टी-१ हे प्रशिक्षण विमान, लाल रंगातलं, ब्रिटिश कसरतपथकाचं. १९६५ च्या युद्धात आपण वापरलेलं नॅट एकासनी होतं. त्याचा पंखविस्तार पावणेसात मीटरच्या आसपास, टी-१ चा सव्वासात मीटरच्या थोडा वर. नाक आणि कॉकपिटही वेगळे. नुसती आपली डिकल लावून ते जमत नाही.

मिग-२१ मध्येही तसंच. १९६३ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत ते आपल्याकडे उडालं, पण एफएल, एम आणि बिस ही वेगवेगळी विमानं समजा. पाठीवरचा उंचवटा बघा: एफएलचा बारीक, बिसचा सगळ्यात मोठा. ज्या विमानाचा नंबर लावायचा आहे त्याचा खरा फोटो फोनमध्ये ठेवा आणि खोकं त्याच्या शेजारी धरूनच विकत घ्या. भारतीय खुणांची डिकल छोट्या उत्पादकांच्या फाइलींमध्ये असतात. गाळ्यावर ‘इंडियन एअर फोर्स’ म्हणून विचारा, पानं चाळत बसू नका.

व्हिसा, तिकीट, राहणं?

यूकेचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या जास्तीत जास्त ३ महिने आधी मागता येतो. म्हणजे नोव्हेंबरच्या प्रदर्शनासाठी ऑगस्टमध्ये अर्ज, आणि बोटांचे ठसे द्यायला पुण्याची एक फेरी. निर्णयाला साधारण ३ आठवडे धरतात. गणपतीच्या गडबडीत हे मागे पडतं, म्हणून नागपंचमीच्या आधीच कागदपत्रं गोळा करा. प्रदर्शन दिवाळीच्या आगेमागे येतं, त्यामुळे विमानाची तिकिटं आणि मुंबईची महालक्ष्मी दोन्ही लवकर भरतात.

प्रदर्शनाची जागा टेलफर्ड सेंट्रल स्टेशनवरून चालत जाण्यासारखी आहे. आजूबाजूची हॉटेलं फार आधी संपतात. वुल्व्हरहॅम्प्टन, श्रूजबरी किंवा बर्मिंगहॅमला राहून रोज रेल्वेने जा, बर्मिंगहॅमहूनही तासाच्या आत पोचता. रविवारी सकाळी गाड्या कमी असतात, वेळापत्रक आदल्या रात्री बघा.

एक दिवस जोडता आला तर त्याच मार्गावर कॉसफर्ड स्टेशनला उतरा. तिथल्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात प्रवेश फुकट आहे. व्हल्कन, व्हिक्टर आणि व्हॅलियंट ही तिन्ही बॉम्बर एका छताखाली आहेत आणि जगात उरलेल्या दोन टीएसआर-२ विमानांपैकी एक तिथं आहे. प्रदर्शनात छोटं बघितलेलं खऱ्या मापात बघायला मिळतं. शक्यतो हे आधी करा, म्हणजे हॉलमधलं बघणं बदलतं.

पैसे कसे न्यावेत?

दुकानदार कार्ड घेतात. क्लबचे लोक आपली जुनी किट विकतात ते बऱ्याचदा रोख मागतात, तेव्हा ५ आणि १० पाउंडाच्या नोटा जवळ ठेवा. कुणा नातेवाइकाने प्रेमाने दिलेल्या जुन्या कागदी २० आणि ५० च्या नोटा सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. पर्यटकांना विमानतळावर व्हॅट परत मिळायचा तोही इंग्लंडात २०२१ पासून बंद आहे, त्या भरवशावर हिशेब करू नका.

कपडे, चपला, खाणं?

हॉल गरम असतो, बाहेर थंडी. एक जाड जाकीट न घालता दोन पातळ थर घाला. दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं असतं, तेव्हा मुरलेले, मऊ तळाचे बूट हवेत. नवी कोरी कोल्हापुरी घालून मिरवायची ही जागा नव्हे, ती पहिल्या तासात चावते.

भडंग न्या, पण खाऊन झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय टेबलांकडे फिरकू नका. तेल-तिखटाच्या बोटांनी उघडलेलं डिकलचं पाकीट वाया जातं. मटणाचं लोणचं, पेढे, बर्फी घरीच ठेवा. मांस आणि दुधाचे पदार्थ तिथं नेता येत नाहीत.

खरेदी विमानातून कशी आणावी?

रंग, थिनर आणि प्लास्टिक सिमेंटच्या बाटलीवर ज्वालेचं चिन्ह असेल तर ती ना हातातल्या बॅगेत चालते, ना खालच्या. टामियाचे ॲक्रेलिक रंगही यातच येतात, कारण त्यांत अल्कोहोल असतं. ‘ॲक्रेलिक म्हणजे पाण्याचे’ हा समज इथं महागात पडतो. चाकूची पाती आणि कटर खाली टाकायच्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या.

किटच्या खोक्यात निम्म्याहून जास्त हवा असते. मोठ्या खोक्यातल्या फ्रेम पिशवीसकट उचला, मधे लहान किटच्या पिशव्या बसवा, रिकामी झालेली लहान खोकी घडी करून सपाट भरा. पारदर्शक भाग आणि डिकल वेगळे काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये टेप लावून हातातल्या बॅगेत घ्या. बऱ्याच भारतीय विमानांत तिचं वजन ७ किलोच चालतं. बिलं जपून ठेवा. एकाच किटची पाच खोकी दिसली तर कस्टमला ती विक्रीसाठी वाटणारच. करमुक्त मर्यादेचा चालू आकडा निघण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

माझं मॉडेल नेऊन मांडू का?

पहिल्या वर्षी नको, असं आमचं मत. मांडलं की दोन दिवस जीव त्या टेबलात अडकतो आणि बघायचं राहून जातं. तरी न्यायचंच असेल, निदान पुण्या-मुंबईपर्यंत, तर हे बघा.

रंग पूर्ण वाळलेला हवा. इनॅमल आणि ऑइल पेंटला बोटाला कोरडे लागल्यानंतरही आठवडा-दोन आठवडे द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. मॉडेल बबल रॅपमध्ये गुंडाळू नका, त्याचे गोल ठसे रंगावर उठतात. कापूसही नको, तंतू अँटेनात अडकतात. मॉडेलपेक्षा सगळीकडून ५ सेंटिमीटर मोठं, जाड पुठ्ठ्याचं खोकं घ्या. तळाला स्पंजाचे दोन ठोकळे चिकटवा, एक पंखांच्या खाली आणि एक शेपटीच्या, आणि त्यांत विमानाच्या पोटाच्या आकाराची खाच कापा. वजन ठोकळ्यांवर यायला हवं, चाकांवर नाही. स्लीपर गाडीच्या हादऱ्यात पहिल्यांदा तुटतात ते चाकांचे पाय. वरून कापडी टेपचा एक सैल पट्टा पंखाच्या मुळावर आणा. खोकं डिकीत टाकू नका, मांडीवर किंवा पायाशी ठेवा. बरोबर सुपरग्लू, काडीपेटीच्या काड्या आणि मूळ रंगाची छोटी डबी असू द्या. विमानाने जाणार असाल तर तो रंग ज्वलनशील नसलेला हवा.

स्पर्धेचा निकाल बघून गोंधळ होतो. चांगलं मॉडेल मागे का पडतं?

काही ठिकाणी पहिला-दुसरा-तिसरा काढतात, काही ठिकाणी ठरावीक दर्जा गाठणाऱ्या प्रत्येकाला सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य देतात. पहिल्या पद्धतीत परीक्षक शेवटी चुका मोजतो, त्यामुळे साधं पण बिनचूक मॉडेल धाडसी मॉडेलच्या पुढे जातं. अन्याय वाटतो, आणि कधीकधी असतोही.

आणलेली किट कोल्हापूरच्या पावसाळ्यात कशी टिकवायची?

प्लास्टिकला काही होत नाही, डिकल आणि फोटो-एच (पातळ धातूच्या पत्र्यातले बारीक भाग) मरतात. डिकलवरचा पातळ कागद काढू नका, तो गेला तर दमट हवेत दोन पत्रे एकमेकांना चिकटतात. प्रत्येक पत्रा झिपच्या पिशवीत, बरोबर सिलिका जेलची पुडी, आणि पिशवी सपाट पुस्तकात. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की ते कोरड्या तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत गरम करा. तवा मात्र पोळ्यांचा नको आणि खिडकी उघडी ठेवा. खोकी भिंतीला टेकवून रचू नका, ओल पहिल्यांदा तिथूनच चढते.